बार होण्याआधी

"न्यायची का हो तुम्हाला?" एवढंच त्या पोलिसाने विचारलं होतं. पिस्तूल पट्ट्यात परत खोचता खोचता, दुकानदाराने पिशवी हवी का विचारावं तितक्या सहज. गाडीखाली हरीण मेलं की ज्याची गाडी त्याला आधी विचारायचं, ही विस्कॉन्सिनातली रीतच. त्यात वावगं काही नव्हतं. वेंडेल कुबियाक "नको" म्हणाला. मागे उभा असलेला दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर लगेच "मग मी नेतो बुवा" म्हणाला, पोलिसाने त्याच्या नावाची पावती फाडली, आणि ती हरणी मागच्या दोन पायांना धरून त्याने ओढत नेलीसुद्धा. भला माणूस. फोन करायला मैलभर लांबच्या गोठ्यावर तोच गेला होता, आणि परतही आला होता. निघताना म्हणाला, पत्ता द्या, सॉसेज पाठवतो. वेंडेलने त्याला चुकीचा पत्ता दिला. घराचा नंबर फक्त बदलला, बाकी रस्ता, शहर सगळं बरोबर. असं का केलं हे त्याला तेव्हा कळलं नाही, आणि तीन आठवडे झाले तरी कळत नव्हतं; पण चाळीस नंबरऐवजी अठ्ठेचाळीस म्हणताना आपली जीभ जराही अडखळली नाही, हे मात्र त्याला सारखं आठवत होतं.

तीन आठवडे त्याला कुठे म्हणून स्वस्थता नव्हती. मिल्वॉकी शहराच्या पाणीखात्यात तो पाणी चाखण्याच्या कामावर होता. हसण्यासारखं वाटतं, पण खरंच असं काम असतं. तळ्यातून उपसलेलं, गाळलेलं, औषध मारलेलं पाणी दर दोन तासांनी चार जणांनी तोंडात घोळवायचं आणि कागदावर चव लिहायची. बावीस वर्षांत त्याची जीभ एकदाही चुकली नव्हती, असं साहेब नव्या लोकांना कौतुकाने सांगत. आणि आता रोज त्याला पाणी लोखंडी लागत होतं. बाकीचे तिघे 'ठीक' लिहीत, हा 'लोखंडी' लिही. पाइप तपासून झाले, टाक्या तपासून झाल्या. "कुबियाक, दातात काही भरलंय का रे?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तो ओशाळून हसला. दातात काही नव्हतं. लोखंड कुठलं ते त्याला पक्कं माहीत होतं. गाडीच्या डिकीत चाक उतरवायची पहार असते, तिचं. घरी बायकोला, मार्लिसला, त्याने सांगितलं होतं की हरणी जागच्या जागी गेली. खोटं. ती चाळीस मिनिटं जिवंत होती. मागचं धड लुळं पडलेलं, आणि पुढच्या दोन पायांवर ती उठायची, उठून जणू चालायलाच लागणार अशी मान वर करायची, आणि पडायची. त्याने पहार काढली. दोन पावलं गेला. परत येऊन ठेवली. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा तर त्याने हातही उचलला होता, आणि डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांनी मारलं तर कुठेही लागेल, या विचाराने त्याचा हात खाली आला. तो विचार खरा होता की सबब होती? रात्री मार्लिस शेजारी घोरत असताना तो हाच कीस काढत बसायचा, आणि सकाळी ब्रशवर पेस्ट घेतानाही तोच कीस चालू असायचा.

रविवारी सासऱ्यांकडे जेवायला गेले असता भाजलेल्या डुकराचा दुसरा तुकडा वाढून घेताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "यंदा मला बंदूक घ्यायची आहे." मग ऑर्विल ग्रुन्के, त्याचे सासरे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, असे हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "जावईबापू! तुम्ही बंदूक धरणार? मग कॅम्पवर बटाट्याची धिरडी कोण घालणार, मी?" यात दुखवण्याचा हेतू नव्हता. गेली सोळा वर्षं नोव्हेंबरच्या नऊ दिवसांसाठी उत्तरेकडे प्राइस परगण्यातल्या त्या लाकडी खोपटात तो जात होता, आणि सोळाही वर्षं रांधत होता. सगळे त्याला आचारी म्हणत. पहाटे बाकीचे नारिंगी कोट चढवून रानात पांगले की हा भांडी घाशी आणि लांबून येणारे बार मोजी, आणि संध्याकाळी त्या बारांच्या गोष्टी ऐकी. ऑर्विलची गोष्ट सगळ्यांत रंगायची. गोळी खाऊन तीन मैल पळालेला नर. गोळी खाऊन नदी पोहून गेलेला नर. "काय जनावर होतं, अरे! पोटातून आरपार, तरी गड्याने मागे वळून पाहिलं नाही!" खोपट दणाणून हसायचं, आणि वेंडेलही कढईतला कांदा परतत हसायचा. सासरे अजून हसतच होते. "हसू नका," तो म्हणाला. "मला शिकायचंय." मार्लिस त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. सासरे मात्र खरंच खूश झाले. मुलगा नव्हता त्यांना. "मग दुकानात मी येणार," ते म्हणाले. "नाहीतर तुला कोणी पोराबाळांची बंदूक गळ्यात मारेल."

दुकानात एका भिंतीला साठ-सत्तर बंदुका ओळीने उभ्या होत्या आणि तेलाचा वास होता. तो वास वेंडेलला आवडला, आणि आवडला म्हणून तो मनातून चरकला. विकणारा पोरगेलासा माणूस विचारू लागला, रान दाट की मोकळं, नेम किती लांबून, खांद्याला काही दुखणं आहे का. वेंडेल तोंड उघडणार तोच ऑर्विलने भिंतीवरून एक लांब, गडद दस्त्याची बंदूक उतरवून त्याच्या हातात दिली. "थर्टी-ऑट-सिक्स. माझी हीच. माझ्या बापाची हीच. बाप्यामाणसाला दुसरी लागत नाही." बंदूक थंड होती आणि वाटलं होतं त्याहून जड. खांद्याला लावली तर दुर्बिणीतून समोरच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा आकडा एकदम अंगावर आला आणि थरथरत राहिला. थरथरत आकडा नव्हता, हे त्याला एका क्षणाने कळलं. विकणारा म्हणाला, "सुरुवातीला हलकं काडतूस बरं हो. ही टू-फॉर्टी-थ्री बघा, धक्का निम्म्याच्या आत, आणि हरणाला पुरून उरते." आणि त्याने एक आखूड, सडपातळ बंदूक काढली. वेंडेलच्या खांद्यात ती कुठेही न टोचता बसली. पण ऑर्विलने नाक मुरडलं. "ही मी मार्लिसला बाराव्या वर्षी घेणार होतो. ही घेऊन कॅम्पवर आलास ना, तर पोरं तुला वर्षभर जगू देणार नाहीत. आचारी परवडला म्हणतील." वेंडेलने दोन्ही बंदुका काउंटरवर शेजारी शेजारी पाहिल्या. लाज कसली वाटतेय आपल्याला? अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मी, आणि मला भीती ही की चार म्हातारे हसतील. आणि तिकडे ती पुढच्या दोन पायांवर उठते, पडते. मोठी घेतली तर घाव मोठा, म्हणजे ती लगेच मरेल, नाही का? असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. समजावणं इतकं सोयीचं निघालं की त्याचाच त्याला संशय आला. "आधी व्हर्नाबाईंचा वर्ग तर करू द्या," तो म्हणाला. नवख्याला तो वर्ग केल्याशिवाय परवाना नव्हता, त्यामुळे ऑर्विललाही गप्प बसावं लागलं.

व्हर्ना स्कोगेन परगण्याच्या नेमबाजी क्लबात पस्तीस वर्षं नवशिक्यांना शिकवत होत्या. ठेंगण्या, कंबरेत वाकलेल्या, खिशांचा भला मोठा कोट घातलेल्या. हंगाम उघडायला सहा दिवस राहिले होते. रविवारी सकाळी मैदानावर गोठलेलं गवत बुटांखाली करकरत होतं, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे वेंडेल एकटाच होता. म्हणजे तो आणि ऑर्विल, कारण "बघायला" म्हणून सासरे आलेच होते, आपली बंदूक घेऊन. बाईंनी वेंडेलला लाकडी बाकाशी बसवलं, आणि पहिला प्रश्न टाकला, "कशाला मारायचंय तुला हरीण?" कागदावर भरायचा प्रश्न नव्हता तो, त्या उत्तरासाठी थांबल्या. मांसासाठी म्हणावं, सासऱ्यांसाठी म्हणावं, अशी दोन-चार उत्तरं त्याच्या जिभेवर आली. मग त्या जिभेचाच त्याला राग आला. "मला मारता आलं नाही म्हणून," तो म्हणाला, आणि एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच सांगून मोकळा झाला. चाळीस मिनिटं, पहार, तीनदा. मागे ऑर्विलचे बूट करकरायचे थांबले होते. "तू तर म्हणालास जागच्या जागी गेली," सासरे म्हणाले. "खोटं बोललो," वेंडेल म्हणाला. बाईंनी मान हलवली, ना कौतुक ना कीव. "बरं. म्हणजे तुला मरण चटकन द्यायचंय. मग आधी तुझं दचकणं बघू. कुठल्या बंदुकीने?" तो काही बोलायच्या आत ऑर्विलने आपली थर्टी-ऑट-सिक्स वाळूच्या पिशव्यांवर ठेवलीसुद्धा.

कान आवाज अडवणाऱ्या जाड गाद्यांनी झाकले की आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. पहिला बार झाला आणि खांद्यात कोणीतरी दार आपटलं. दुसरा झाला. तिसऱ्याला त्याने चाप ओढला आणि काहीच झालं नाही. टिक. नुसतं टिक. आणि त्या शांततेत त्याने पाहिलं की नळीचं टोक चार बोटं खाली गेलं होतं, खांदा पुढे आला होता आणि त्याचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. म्हणजे मिटलेले होते हे त्याला ते उघडल्यावर कळलं. व्हर्नाबाईंच्या कोटाच्या डाव्या खिशात खोटी काडतुसं असत, दिसायला तशीच पितळी, आत दारू नाही. त्या पाठ फिरवून भरत आणि खरं की खोटं ते सांगत नसत. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. "बार व्हायच्या आधीच तू पळून गेलास. खरी गोळी असती तर हरणाच्या पायात बसली असती." तो बघतच राहिला. हे टोक खाली जाणं त्याच्या ओळखीचं होतं. सहा वर्षांचा असताना स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असायचा, आणि कातड्याच्या कारखान्यातून आलेला बाप हात वर करायचा. मारायला करायचा कधी कधी. पण त्या एका दिवशी बापाने हात वर केला तो खुंटीवरची टोपी काढायला, आणि ह्याने डोळे मिटून मान खांद्यात घेतली. बाप तसाच थबकला, टोपी हातात घेऊन. "अजून मारलंसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही विचित्र झाला की तेवढा मार कधी लागला नव्हता. त्यानंतर बापाने हात उचलला नाही. पण वेंडेल दचकत राहिला तो राहिलाच. साहेबांनी बोलावलं की, फोन वाजला की, मार्लिस "जरा बोलायचंय" म्हणाली की. अशी किती वर्षं न झालेल्या बारांना आपण मान खाली घातली असेल, याचा हिशेब त्याला त्या बाकावर बसल्या बसल्या लागेना.

"बंदुकीचा काय दोष!" ऑर्विल मागून म्हणाले. "हात हलका आहे, एवढंच. पाणी चाखणारा हात. ऊठ, मी दाखवतो." व्हर्नाबाई म्हणाल्या, "ऑर्विल, तू गप बस, तू शिकायला आलेला नाहीस." पण सासरे बसलेच, दस्ता गालाशी असा सराईतपणे आणला की वेंडेलला त्यांचा हेवा वाटला. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पाठ केली, काडतूस भरलं. ऑर्विलने चाप ओढला. टिक. नळीचं टोक असं खाली गेलं की जवळजवळ पिशवीवर आपटलं. वेंडेलहून दुप्पट. चेहरा आक्रसलेला, डोळे मिटलेले, ओठ दातांखाली. साठ हंगाम जंगलात काढलेला माणूस. "काडतूस खराब आहे," ऑर्विल म्हणाले. बाईंनी ते काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "पुन्हा भर." पुन्हा टिक, पुन्हा टोक खाली. "पुन्हा." या खेपेला खरं होतं, बार झाला, आणि निशाणाच्या कागदाच्या कितीतरी अलीकडे गोठलेल्या मातीचा लोट उडाला. ऑर्विल उठले, चष्मा काढून पुसू लागले, आणि पुसतच राहिले. वेंडेलला त्यांची कणव यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो तीन मैल पळालेला नर येत होता, नदी पोहून गेलेला येत होता, आणि कढईपाशी उभा राहून हसणारा तो स्वतः येत होता. ते नर पळत नव्हते. पुढच्या पायांवर उठत होते आणि पडत होते, कुठेतरी झुडपात, आणि तिथे पोलिसही येणार नव्हता.

"मला ती लहान द्या," तो व्हर्नाबाईंना म्हणाला. क्लबाच्या कपाटात टू-फॉर्टी-थ्री होती. सासरे बाजूलाच उभे होते आणि त्याला त्याची पर्वा वाटली नाही. ही एक नवीनच गोष्ट होती. बाई म्हणाल्या, "चाप ओढू नकोस. दाबत राहा. कधी सुटेल ते तुला कळता कामा नये." पहिल्यांदा टोक खाली गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. खरं की खोटं, खरं की खोटं, असं मनात चाललेलं असलं की अंग आधीच आवळायचं. पाचव्याला त्याने ठरवलं की आत काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. जे आहे ते आहे. तोंडातली लोखंडी चव तशीच होती. ती असू दे, असं त्याने पहिल्यांदाच म्हटलं. नवव्याला तो दाबत राहिला, दाबत राहिला, कागदावरचा काळा गोल किंचित श्वास घेत होता, आणि कुठूनतरी टिक आलं. नळी होती तिथेच होती. डोळे उघडे होते. उघड्या डोळ्यांनी तो त्या गोलाकडे पाहत होता, आणि आपण पाहतोय हे त्याला कळत होतं. दहावं खरं निघालं. भोक गोलाच्या काठावर पडलं. "हीच घे," बाई म्हणाल्या. "आणि शंभर पावलांच्या पलीकडे मारू नकोस. शनिवारपर्यंत रोज ये." परत जाताना दुकानात थांबून त्याने ती घेतली. काउंटरवर आज दुसराच माणूस होता, त्याने विचारलं, "लेकीसाठी?" वेंडेल म्हणाला, "माझ्यासाठी." ऑर्विल गाडीतच बसून राहिले होते.

गाडी ऑर्विलचीच, जुनी ट्रक, आणि चालवतही तेच होते. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं. एका वळणावर ते म्हणाले, "कॅम्पवर यातलं काही बोलायचं कारण नाही." त्यांनी गियर बदलला. "व्हर्नाला काय, सगळ्यांना पोरं समजते ती." मग आवाज बारीक करून, "वेंडेल. अरे, माझं तिथे नाव आहे." त्यांनी त्याला एरवी कधी नुसतं वेंडेल म्हटलं नव्हतं, कायम जावईबापू, नाहीतर आचारी. त्याला वाटलं, आता आपण 'नाही हो, कसं बोलेन' असं म्हणून मोकळं व्हावं. सोळा वर्षं तेच म्हणत आलो. जीभ तयारही होती. "किती असतील?" त्याने विचारलं. "काय किती?" "न सापडलेली." ट्रक एक गोठा ओलांडून गेली, मग दुसरा. ऑर्विलचे हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट आवळलेले होते आणि त्यांवरचे म्हातारपणाचे डाग पांढुरके पडले होते. "मला कुणी सांगितलंच नाही रे कधी," ते म्हणाले. "बापाने पहिल्याच दिवशी हीच हातात दिली. बारा वर्षांचा होतो. खांदा निळा झाला होता आठवडाभर. रडलो नाही म्हणून केवढं कौतुक." मग, "आठ-नऊ. मला माहीत असलेली." वेंडेलने खिडकीची काच थोडी खाली केली. या माणसाचा राग करावा तर तो करता येईना, आणि सोडून द्यावा तर सुटेना.

"मी कुणाला सांगणार नाही," वेंडेल शेवटी म्हणाला. "पण शनिवारी मी रानात वेगळ्या जागी बसणार नाही. तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर बसणार. तुमचा बार झाला की येणार. हरीण पडलं असेल तर ठीक. पळालं असेल तर त्याच्या रक्तामागे जाणार, सापडेपर्यंत, आणि तुम्हीही माझ्याबरोबर यायचं. आणि सापडलं की ते मी संपवणार." बोलताना त्याचा आवाज कापत होता. आपला आवाज कापतोय हे ऐकूनही तो थांबला नाही. ऑर्विल खवळले. "माझ्यावर पहारा ठेवतोस? तू? काल बंदूक हातात घेतलेला?" "हो." "आणि अंधार पडला तर?" "पडला तरी." "बर्फ लागलं तर? थंडीने मरशील तिथे." "तरी जायचं. नाहीतर मी कॅम्पवर सगळं सांगेन, टिकपासून." ही धमकी होती, आणि आयुष्यात त्याने दिलेली पहिली. त्याने मान खांद्यात घेतली नाही. ऑर्विलने ट्रकचा वेग कमी केला, कडेला घेतली, आणि इंजिन चालूच ठेवून समोर बघत बसले. त्यांच्या हनुवटीवरची कातडी हलत होती. आता हे उतर म्हणतील, असं वेंडेलला वाटलं, आणि इथून घर सतरा मैल आहे असाही एक विचार येऊन गेला. ते म्हातारे हात चाकावरून मांडीवर आले, आणि तिथे काय करायचं ते न कळल्यासारखे पडून राहिले.

"मग टॉर्च तू तुझा आण," ऑर्विल म्हणाले. "माझ्यात सेलच नाहीत. कधी घातलेच नाहीत मी."

मग त्यांनी आरशात पाहिलं, मागून कोणी येत नव्हतं, आणि ट्रक रस्त्यावर घेतली.